टेकाळेकाकांचा कोड

महाळुंग्याला ब्रेकचे भाग बनवणारी एक कंपनी आहे. तिथे भिवाजी टेकाळे यांना सगळे 'पाहुणेवाले काका' म्हणत. जर्मनीहून मशीन जोडायला आलेला इंजिनिअर असो, चेन्नईहून तपासणीला आलेले साहेब असोत, नाहीतर ताटातलं काय खायचं ते न कळून उपाशीच झोपणारे कोरियाचे पाहुणे असोत, त्यांच्या मुक्कामाची सोय भिवाजींनी बघायची. चाकणच्या रस्त्यावर एक मोठं हॉटेल होतं. कंपनीचा त्या हॉटेलाशी करार होता, आणि करारात कंपनीला एक कोड मिळाला होता. खोली घेताना तो सांगितला की भाडं उतरायचं, नाश्ता फुकट व्हायचा आणि दुपारपर्यंत खोली सोडायची घाई नसायची. थोडी अक्षरं, थोडे आकडे, एवढाच तो कोड. पण भिवाजींनी तो असा सांभाळला की दानपेटीची किल्लीही कुणी पुजारी इतकी सांभाळत नसेल.

हॉटेलला फोन करताना कोडाची वेळ आली की ते तोंडावर हात धरत, भिंतीकडे वळत आणि आवाज इतका उतरवत की पलीकडची रिसेप्शनवालीच 'काका, ऐकू नाही आलं' म्हणे. मग पुन्हा पहिल्यापासून. अख्ख्या ऑफिसला ही गंमत माहीत होती. माहीत नव्हती ती फक्त भिवाजींना.

याचं मूळ त्यांच्या पहिल्या साहेबांत होतं. हॉटेलशी पहिल्यांदा करार झाला तेव्हा साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, 'टेकाळे, हा कोड बाहेर जाता कामा नये.' साहेब पुढे नोकरी सोडून गेले, मागून कितीतरी साहेब आले, करार मुख्य ऑफिसातून परस्पर नवे होत राहिले. भिवाजींनी मात्र ते एक वाक्य धरून ठेवलं. जिंतूरकडून पोटामागे आलेला, हेल्पर म्हणून लागून पुढे ऑफिसात बसू लागलेला माणूस तो. साहेबाने आपल्यावर काहीतरी विश्वासाने सोपवलं, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

मागणारे काय थोडे होते? आपल्या या पट्ट्यात लग्न निघालं की माणूस आधी ओळखी चाळतो. कुणाच्या भाच्यामुळे शोरूममध्ये गाडी स्वस्त पडते, कुणाचा साडू कँटीनचं कंत्राट घेतो, आणि कुणाकडे हॉटेलचा कोड असतो. फोरमनने व्याह्यांसाठी मागितला, युनियनवाल्यांनी मागितला, शेजारच्यांनी मुलीच्या साखरपुड्याला मागितला. भिवाजींनी सगळ्यांना हात वर करून दाखवले. पुढे पुढे कुणी मागेनासं झालं. भिवाजींना वाटलं, आपल्याकडे बघून लोक सुधारले.

घरी मात्र या कोडाने एक दार बंद केलं होतं.

आकुर्डीला तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. लिफ्ट नाही. भिवाजी या गावात आले तेव्हा एका खोलीत खाट भाड्याने घेऊन राहत. एकजण शिफ्टला गेला की दुसरा त्याच खाटेवर झोपायचा. लग्न होऊन जाईबाई आल्या आणि त्या पोरांचे खाण्याचे हाल त्यांना बघवेनात. त्यांनी डबे करायला घेतले, ते आजतागायत चालू आहेत. पहाटे उठायचं, कणीक तिंबायची, पहिल्या शिफ्टचे डबे भरायचे, ते गेले की दुसऱ्या शिफ्टची तयारी. किती पोरं त्यांच्या पोळ्या खाऊन फिटर झाली, सुपरवायझर झाली, लग्नाची पत्रिका घेऊन आली. स्वतः जाईबाई जेवायच्या ते सगळ्यात शेवटी, ओट्यापाशी उभ्यानेच.

त्यांना एकच भाऊ, नानासाहेब. पाठचा. आई लवकर गेली म्हणून जाईबाईंनीच त्याला कडेवर वाढवला. तो जिंतूरला एसटीत कंडक्टर. एकदा त्याच्या छातीत कळ आली, चिंचवडच्या इस्पितळात स्टेंट बसवली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की लगेच गावी जायचं नाही, आठवडाभर जवळपास राहा, जिने चढू नका. बहिणीचं घर तिसऱ्या मजल्यावर. म्हणून नानासाहेब बायकोला घेऊन थेट कंपनीच्या गेटवर आला. खोलीचे पैसे तो स्वतःच भरणार होता. फक्त दाजींच्या कोडाने ते आवाक्यात येईल एवढंच त्याचं म्हणणं होतं.

शिफ्ट सुटायची वेळ होती. वॉचमन उभा, गेटमधून माणसांचा लोंढा बाहेर पडतोय. भिवाजी गेटच्या आतच उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "नानासाहेब, कंपनी काय माझ्या बापाची आहे? आज तुम्हाला दिला तर उद्या अख्खं जिंतूर येईल."

नानासाहेबाने हात जोडले आणि तो वळला. स्टेशनजवळच्या एका लॉजवर त्याने तो आठवडा काढला. तिथेही जिना होताच. मग तो गावी गेला, आणि त्यानंतर बहिणीच्या दाराशी आला नाही. फोन करायचा, ख्यालीखुशाली विचारायचा, पण यायचा नाही. भाऊबीजेला जाईबाई ताट घेऊन गच्चीवर जात आणि चंद्राला ओवाळत. ज्यांना भाऊ नाही त्या बायकांनी करायची ही गोष्ट. त्यांना तर भाऊ होता, चांगला हिंडता फिरता, तिकिटं फाडणारा.

नवऱ्याला त्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. नानाचं नाव मात्र घरात घेणं बंद झालं. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. न झालेलं भांडण मिटवायचं कसं, हे भिवाजींना कळेना. वर्षं गेली तसं ते त्यांना जास्तच टोचू लागलं. नियम पाळला याचा पश्चात्ताप करावा असं त्यांना वाटत नव्हतं, आणि बायकोचं तोंड बघितलं की दुसरं काही सुचतही नव्हतं.

अशात निवृत्ती आली. महिनाअखेर शेवटचा दिवस. ऑफिसातली नवी साहेबीण दिव्या, वयाने त्यांच्या मुलीसारखी, एक दिवस सहज म्हणाली की काका, इतक्या लोकांची सोय केलीत, जायच्या आधी काकूंना घेऊन एक दिवस त्या हॉटेलात राहून या, कोड टाका. भिवाजी चपापले. चालतं का, म्हणून त्यांनी विचारलं. दिव्या हसली आणि म्हणाली, न चालायला काय झालं. भिवाजींची समजूत अशी झाली की निवृत्तीपायी कंपनीने ही खास मेहेरबानी केली आहे.

मग त्यांच्या मनाने घेतलं. नानाचं नाव काढायची हिंमत नाही तर नाही, पण जाईला एक दिवस आयतं ताट मिळेल, कुणीतरी चहा हातात आणून देईल. त्याने काही भरून निघेल अशी एक वेडी आशा होती. जाईबाई आधी तयारच होईनात. म्हणाल्या, घर असताना हॉटेलात कशाला, लोक म्हणतील म्हातारा-म्हातारी भांडून निघाली. पण भिवाजी हट्टाला पेटले. शेवटी जाईबाईंनी डब्याच्या पोरांना सांगितलं की उद्या डबे बंद, आणि पिशवी भरली. पिशवीत काय, तर साडी, स्वतःची उशीची खोळ, चिवड्याचा डबा आणि पाण्याची स्टीलची बाटली. दुष्काळी कामावर निघाल्यासारखी तयारी.

शनिवारी संध्याकाळी दोघं हॉटेलात पोचले. रिसेप्शनवर कशफ होती. फोनवर 'काका, ऐकू नाही आलं' म्हणणारी ती हीच. रोज बोलत असून दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच पाहिलं. आवाजावरून तिला वाटलं होतं, काका चांगले उंचपुरे असतील. तिने तसं बोलूनही दाखवलं आणि भिवाजी लाजले. जाईबाई काचेच्या टाकीतले मासे बघायला पलीकडे गेल्या. भिवाजींनी खिशातून कंपनीचं कार्ड काढलं, इकडेतिकडे पाहिलं, पुढे वाकले आणि कोड कुजबुजले.

कशफला हसू आवरेना. ती म्हणाली, "काका, हळू कशाला बोलता? तुमच्या कंपनीतले अर्धे लोक हाच कोड टाकून येतात. शनिवार-रविवारी तर तुमचेच जास्त."

भिवाजींना आधी वाटलं, चोऱ्या होतायत. त्यांनी कडक आवाजात विचारलं, कुणी दिला त्यांना. तेव्हा तिने समजावून सांगितलं की कुणी द्यायला कशाला पाहिजे, करारातच आहे. कंपनीचं कार्ड दाखवायचं, स्वतः या, घरच्यांना आणा, आपले पैसे आपण भरा. ती इथे लागली तेव्हापासून असंच आहे, आणि त्याच्याही आधीपासून असल्याचं जुने लोक सांगतात. हॉटेलाचाही त्यात फायदा. सुट्टीच्या दिवशी खोल्या रिकाम्या राहण्यापेक्षा बरं. बाहेर द्यायचा नाही तो परक्यांना, काका. कामगारांना नाही असं कोण म्हणेल?

लोक कोड मागेनासे का झाले, ते भिवाजींना आत्ता कळलं. त्यांना तो परस्पर मिळत होता. आणि टेकाळेकाकांना सांगायला गेलं तर कीर्तन ऐकावं लागेल, म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी मागे वळून पाहिलं. जाईबाई माशांपुढे वाकून उभ्या होत्या. भिवाजींनी विचारलं, या वेळी खरोखरच हळू, "मेव्हणा चालतो का गं?"

"चालतो की," कशफ म्हणाली. "बायकोचा भाऊ म्हणजे घरचाच. कधी आणताय?"

भिवाजींनी खोलीचं कार्ड घेतलं आणि ते माशांच्या टाकीकडे निघाले.

त्या संध्याकाळी जाईबाई खुशीत होत्या. त्यांनी पलंग दाबून पाहिला, नळाचं गरम पाणी दोनदा सोडून पाहिलं. जेवायला खाली गेल्यावर भिवाजींनी त्यांना बसवून ठेवलं आणि स्वतः ताट वाढून आणलं. वेटर उष्टी ताटं उचलायला आला की त्या सवयीने उठायच्या आणि भिवाजी त्यांना हाताला धरून खाली बसवायचे. पनीरची भाजी खाऊन जाईबाईंनी निकाल दिला की मीठ कमी आहे, पण केलेलं नीट आहे. समोर बायको इतकी हसत होती, आणि भिवाजींना प्रत्येक घासाला गेट दिसत होतं, जोडलेले हात दिसत होते. सांगावं तर ही एक संध्याकाळ नासणार. न सांगावं तर तिच्याबरोबर उरलेला जन्म कोणत्या तोंडाने काढायचा?

नेहमीच्या वेळेला, अंधार असतानाच, जाईबाईंना जाग आली. करायला काही नव्हतं. त्यांनी अंघोळ केली, वेणी घातली, पलंगावरची चादर काढून नीट घडी केली. मग दारावर टकटक झाली. बाहेर गणवेशातला एक माणूस हातात पुठ्ठ्याची पेटी घेऊन उभा. झालं असं होतं, की भिवाजी ज्यांची खोली ठरवत ते पाहुणे बहुतेक पहिल्या शिफ्टलाच कंपनीत निघायचे, म्हणून त्यांचा नाश्ता डब्यात भरून पहाटे खोलीवर पोचवायचा, अशी हॉटेलात शिरस्त्याची सूचना होती. ती सूचना खुद्द भिवाजींनीच कधीकाळी देऊन ठेवली होती आणि या वेळी रद्द करायला ते विसरले होते. त्या माणसाने पेटी दिली, चहाची किटली टेबलावर ठेवली आणि 'मॅडम, तुमचा डबा' म्हणून तो गेला.

जाईबाई पलंगाच्या कडेवर बसल्या, पेटी मांडीवर. उघडून त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढली. सँडविच, केळं, कागदात गुंडाळलेला केक. चटणी गळू नये म्हणून बांधलेली पुडी त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि चांगली बांधली आहे म्हणाल्या. मग त्यांचे डोळे भरून आले.

"पहाटेचा डबा मला आजवर कुणी भरून दिला नव्हता बगा," त्या म्हणाल्या. "कुणीतरी माझ्याआधी उठलं."

आणि भिवाजींना पुढे एक क्षण गप्प राहवलं नाही. ते खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले, आणि सगळं सांगून टाकलं. हा कोड पहिल्यापासून घरच्यांना चालत होता. नानाला चालला असता. मी कुणाला विचारलं नाही.

जाईबाईंनी हातातलं सँडविच पेटीत ठेवलं. वर झाकण लावलं.

"विचारावं असं तुम्हाला वाटलंच नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "त्या दिवशी घरी येऊन तुम्ही मला ते सांगितलं ना, तेव्हा खुशीत होता. नाही म्हणायला मिळालं म्हणून खुशीत होता. दोनदा वरण घेतलं. मी वाढलं. नियम असेल तर असेल, त्याचा मला राग नव्हता. ते वरण मला अजून आठवतं."

भिवाजींना वाटत होतं, बायको नियमावर रुसली आहे. इतकी वर्षं ते मनातल्या मनात नियमाची बाजू मांडत होते, आणि खटला दुसराच होता. खरं होतं ते. जन्मभर साहेबांपुढे 'हो साहेब' म्हणणाऱ्या माणसाला एका जागी तरी नाही म्हणता येत होतं, आणि त्याची चटक लागली होती. ती त्याने आजारी मेव्हण्यावर भागवली. त्यांना रडू आलं. बायकोपुढे रडायची वेळ त्यांच्यावर पहिलीच, म्हणून त्यांनी हॉटेलचा जाड टॉवेल तोंडाला लावला.

जाईबाईंनी त्यांना रडू दिलं. मग किटलीतला चहा कपात ओतला, तो त्यांच्यापुढे सरकवला आणि उशाचा मोबाइल उचलून त्यांच्या हातात दिला.

"फोन लावा त्याला. मी बोलायची नाही, तुम्ही बोला."

"इतक्या पहाटे?"

"पहिल्या गाडीवर ड्यूटी असती त्याची. डेपोत असंल."

फोन लागला. मागे गाड्यांचे आवाज, कुणीतरी कुणाला परभणीच्या गाडीचं विचारतंय. दाजींचा आवाज ऐकून नानासाहेब घाबरला. त्याने आधी विचारलं, ताई बरी आहे ना. बरी आहे, भिवाजी म्हणाले. मग नोकरीत जे येत होतं तेच तोंडातून आलं. ते म्हणाले, "नानासाहेब, या महिनाअखेरपर्यंत माझा कोड चालतो. दोन माणसांची खोली, नाश्त्यासकट. लिफ्ट आहे. कधी येता, सांगा. मी स्वतः घ्यायला येतो."

भिवाजींनी टॉवेल बाजूला ठेवला.

"तेव्हाही चालत होता," भिवाजी म्हणाले. "मला काल कळलं. चुकलो मी, नाना."

"दाजी," नानासाहेब म्हणाला, "खोलीचं काय घेऊन बसलाव. त्या दिवशी गेटाच्या आत घेऊन नाही म्हणला असता, तरी मी ताईकडं जेवून गेलो असतो."

जाईबाई नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. पलीकडचं काही त्यांना ऐकू येत नव्हतं.

"खोली नको मला," नानासाहेब म्हणाला. "उद्या माझी सुट्टी हाय. आज ड्यूटी संपली की तसाच गाडीत बसतो. तिसरा मजला तर तिसरा मजला. बसत बसत चढंन."

"मी खाली थांबतो," भिवाजी म्हणाले, आणि त्यांनी फोन बायकोकडे दिला.

जाईबाई बोलणार नाही म्हणाल्या होत्या, पण भावाचा आवाज कानावर पडल्यावर कुठली बाई गप्प बसते? पहिलं वाक्य रागाचंच निघालं. गोळ्या घेतोस का, कालची घेतलीस का, येताना सोबत आण, विसरशील. मग गाडी कोणती, खिडकीची जागा बघ, रस्त्यात वडे खाऊ नकोस. बोलता बोलता त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि पुन्हा दटावत होत्या. झाल्या गेल्या गोष्टीचा एक शब्द दोघांनीही काढला नाही.

भिवाजी खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली चाकणच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बस लागल्या होत्या, माणसं डबे घेऊन चढत होती. मागून जाईबाईंनी फोनवर हात ठेवून त्यांना हाक मारली. कितीतरी वर्षांनी नानाचं नाव त्यांच्या तोंडून सहज आलं.

"अहो, नानाला मेथी लागते. जाताना आकुर्डीच्या मंडईतून जुडी घ्यायची, तेवढी आठवण करा."

भिवाजी करतो म्हणाले. आणि वाटेत विसरायला नको म्हणून दोनदा म्हणाले.